वेस्टर्न ब्लॉट : प्रत्यक्ष की अनुमान? – प्रथिनशोधनाच्या एका सर्वमान्य तंत्राची चिकित्सा

सारांश : १९७९ साली उदयास आलेले वेस्टर्न ब्लॉट हे तंत्र आज प्रथिनांच्या अभ्यासात जवळजवळ अंतिम पुरावा मानले जाते. प्रस्तुत लेखात या पुराव्याच्या स्वरूपाची चिकित्सा केली आहे. पटलावर उमटलेला पट्टा हे प्रथिनाचे प्रत्यक्ष दर्शन नाही. तो अनुमानाचा हेतू आहे. या हेतूची परीक्षा टाळून त्याला प्रत्यक्षाचा दर्जा दिल्यामुळे संशोधन, रोगनिदान आणि अध्यापन या तिन्ही क्षेत्रांत दोष निर्माण झाले आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी न्यायदर्शनातील अनुमानविचाराचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : वेस्टर्न ब्लॉट, प्रथिन, प्रतिपिंड, नियंत्रण नमुना, अनुमान, हेत्वाभास.

१. प्रस्तावना

जीवविज्ञानाच्या कोणत्याही संशोधनपत्रिकेचा अंक उघडला तर एक आकृती हमखास आढळते. करड्या पार्श्वभूमीवर काही काळे आडवे पट्टे, डाव्या बाजूस प्रथिनाचे नाव, वरच्या बाजूस प्रयोगगटांची नावे आणि तळाशी बीटा-अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या सारख्या जाडीच्या पट्ट्यांची एक ओळ. या आकृतीकडे वाचक फार वेळ पाहत नाही. पट्टा जाड झाला म्हणजे प्रथिन वाढले, पट्टा नाहीसा झाला म्हणजे प्रथिन नाहीसे झाले, इतके वाचून तो पुढे जातो.

या सहज स्वीकारामागे एक गृहीतक आहे. आपण प्रथिन ‘पाहत’ आहोत, हे ते गृहीतक होय. वस्तुतः पटलावरील काळा डाग हा प्रथिन नसतो. एका दीर्घ कारणसाखळीच्या शेवटी पडलेली ती खूण असते. खुणेवरून वस्तूकडे जाणे ही अनुमानाची प्रक्रिया आहे आणि अनुमानाला नियम असतात. हे नियम पाळले गेले आहेत किंवा नाहीत हे तपासल्याशिवाय निष्कर्ष स्वीकारणे तर्कदृष्ट्या सदोष ठरते. प्रस्तुत लेखाचा उद्देश या तंत्राची उपयुक्तता नाकारणे हा नसून त्याच्या पुराव्याचे यथार्थ मूल्य ठरविणे हा आहे.

२. तंत्राची जडणघडण

एडविन सदर्न यांनी १९७५ साली डीएनएचे तुकडे जेलमधून पटलावर टिपून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला त्यांच्या आडनावावरून ‘सदर्न ब्लॉट’ हे नाव मिळाले. पुढे आरएनएसाठी तशीच पद्धत आली तेव्हा आडनावाचा दिशावाचक अर्थ घेऊन गमतीने तिला ‘नॉर्दर्न’ म्हटले गेले. प्रथिनांच्या बाबतीत १९७९ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे काम प्रसिद्ध केले. जॉर्ज स्टार्क यांच्या गटाचे काम अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे झाले. टोबिन, स्टाएलिन व गॉर्डन यांचे काम स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाले. बाझलच्या गटाने विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने प्रथिने जेलमधून नायट्रोसेल्युलोजच्या पटलावर नेली आणि हीच रीत पुढे रूढ झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल येथे काम करणाऱ्या नील बर्नेट यांनी १९८१ च्या निबंधात ‘वेस्टर्न ब्लॉटिंग’ हे नाव दिले.

तंत्राचे टप्पे सर्वपरिचित असले तरी येथे ते कारणसाखळी म्हणून पाहणे आवश्यक आहे. प्रथम पेशी फोडून प्रथिने विरघळवली जातात. सोडियम डोडेसिल सल्फेट (एसडीएस) हे द्रव्य प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभाराचे जवळजवळ एकसारखे आवरण चढविते. १९७० साली लेमली यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीनुसार ही प्रथिने पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमधून धावतात; लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. त्यानंतर ती पटलावर नेली जातात. पटलावरील रिकाम्या जागा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीने किंवा अल्ब्युमिनने भरल्या जातात, जेणेकरून प्रतिपिंड कोठेही चिकटू नये. मग इष्ट प्रथिनाला ओळखणारे पहिले प्रतिपिंड, त्या प्रतिपिंडाला ओळखणारे आणि विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड, विकरामुळे प्रकाश देणारे रसायन, आणि अखेरीस तो प्रकाश टिपणारी फिल्म अथवा कॅमेरा अशी ही रचना आहे.

म्हणजेच पेशीतील प्रथिन आणि छापील आकृती यांच्यामध्ये किमान सात-आठ दुवे आहेत. यांपैकी प्रत्येक दुवा विश्वासार्ह असेल तरच शेवटच्या काळ्या डागाला अर्थ प्राप्त होतो.

३. अनुमानाची चौकट

न्यायदर्शनातील डोंगर, धूर आणि अग्नी यांचे उदाहरण सुपरिचित आहे. डोंगरावर धूर दिसतो. अग्नी दिसत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान केले जाते. येथे डोंगर हा ‘पक्ष’, अग्नी हे ‘साध्य’ आणि धूर हा ‘हेतू’. हे अनुमान वैध ठरण्यासाठी धूर आणि अग्नी यांच्यात व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य असले पाहिजे. ते दोन प्रकारे दाखविले जाते. जेथे साध्य निश्चितपणे आहे असे स्थळ म्हणजे ‘सपक्ष’ : स्वयंपाकघर, जेथे धूर आहे आणि अग्नीही आहे. जेथे साध्य निश्चितपणे नाही असे स्थळ म्हणजे ‘विपक्ष’ : जलाशय, जेथे अग्नी नाही आणि धूरही नाही.

वेस्टर्न ब्लॉटला ही चौकट तंतोतंत लागू पडते. तपासायचा नमुना हा पक्ष, इष्ट प्रथिनाचे अस्तित्व हे साध्य आणि पट्टा हा हेतू. ज्या नमुन्यात ते प्रथिन आहे हे अन्य मार्गाने ठाऊक आहे, असा धन नियंत्रण नमुना हा सपक्ष होय. ज्या पेशींतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, असा ऋण नियंत्रण नमुना हा विपक्ष होय. प्राचीन नैयायिकांना आधुनिक प्रयोगपद्धती ठाऊक होती असा दावा येथे अभिप्रेत नाही. पुराव्याची परीक्षा कशी करावी याचा एक काटेकोर विचार आपल्या भाषेतील संज्ञांमध्ये उपलब्ध आहे आणि तो येथे उपयोगी पडतो, एवढेच म्हणणे आहे.

या चौकटीतून पाहिले असता प्रसिद्ध होणाऱ्या असंख्य आकृत्यांची उणीव तत्काळ ध्यानात येते. त्यांत पक्ष असतो, हेतू असतो आणि निष्कर्षही असतो. विपक्ष मात्र क्वचितच आढळतो. जलाशयावर धूर दिसतो किंवा नाही, हे कोणी पाहिलेलेच नसते.

४. उपाधी : रेणुभाराचा पुरावा

तंत्राच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की, पट्टा योग्य रेणुभाराच्या जागी आला म्हणजे त्याची ओळख पटली. हे विधान अंशतः सत्य आहे. आकार आणि प्रतिपिंडाशी संयोग अशा दोन खुणा एकत्र मिळणे हे या तंत्राचे खरे बलस्थान आहे. एलायझासारख्या चाचणीत आकाराची खूण मिळतच नाही.

परंतु जेलमधील अंतरावरून रेणुभार ठरविणे हेही एक अनुमान आहे आणि त्याला उपाधी आहे. अग्नी असला की धूर असतोच असे नाही, कारण त्यासाठी ओल्या सरपणाची अट लागते. या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. तद्वत एसडीएसचे आवरण सर्व प्रथिनांवर सारख्या प्रमाणात चढले असेल, तरच अंतरावरून रेणुभार काढणे योग्य ठरते. ही अट नेहमी पूर्ण होत नाही. कर्करोगाच्या अभ्यासातील पी५३ हे सुप्रसिद्ध प्रथिन याचे बोलके उदाहरण होय. जेलवर ते ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसले म्हणून त्याला हे नाव मिळाले. प्रत्यक्षात ३९३ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ४४ किलोडाल्टन आहे. त्यातील प्रोलिनबहुल भागामुळे ते जेलमधून सावकाश धावते. जेलची फसगत येथे नावातच कायम झाली आहे. शर्करा किंवा फॉस्फेट जोडले गेल्यानेही पट्ट्याची जागा बदलते. त्यामुळे योग्य जागेवरील पट्टा चुकीच्या प्रथिनाचा असू शकतो आणि अनपेक्षित जागेवरील पट्टा योग्य प्रथिनाचा असू शकतो.

पट्ट्याच्या जाडीबाबतही अशीच उपाधी आहे. क्ष-किरण फिल्मवरील काळेपणा एका अरुंद मर्यादेतच प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो. ती मर्यादा ओलांडल्यावर प्रथिन दुप्पट झाले तरी पट्टा तितकाच काळा राहतो. बीटा-अ‍ॅक्टिन पेशीत विपुल असल्याने त्याचा पट्टा बहुधा या मर्यादेपलीकडे जातो आणि त्यामुळे सर्व नमुने सारखे दिसतात. जी ओळ ‘सर्व नमुन्यांत सारखेच प्रथिन भरले होते’ याची साक्ष म्हणून छापली जाते, ती अनेकदा फिल्मच्या मर्यादेचीच साक्ष देत असते.

५. सव्यभिचार हेतू : प्रतिपिंडाचा प्रश्न

साध्य नसलेल्या ठिकाणीही जो हेतू आढळतो तो ‘सव्यभिचार’ हेतू. वेस्टर्न ब्लॉटच्या संदर्भात या दोषाचे मूळ प्रतिपिंडात आहे. प्रतिपिंड संपूर्ण प्रथिनाला ओळखत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागावरील काही मोजक्या अमिनो आम्लांच्या रचनेला ते ओळखते. तशीच रचना दुसऱ्या प्रथिनात असेल तर तेथेही ते चिकटते. १९७५ साली केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीवंशापासून एकजिनसी प्रतिपिंडे मिळविण्याची पद्धत शोधली. तिच्यामुळे पुरवठ्यातील सातत्य वाढले. पण एकजिनसी म्हणजे अचूक, असा अर्थ होत नाही. प्रत्येक रेणू सारखीच चूक करू शकतो.

हा प्रश्न किती व्यापक आहे याचा अंदाज २०२३ साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीवरून येतो. तीत ६५ प्रथिनांसाठी बाजारात उपलब्ध असलेली ६१४ प्रतिपिंडे तपासण्यात आली. परीक्षेची रीत न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायची तर विपक्षाची होती : जनुक काढलेल्या पेशी आणि मूळ पेशी शेजारीशेजारी ठेवून प्रतिपिंड कोठे चिकटते हे पाहिले गेले. वापराच्या प्रकारानुसार ५० ते ७५ टक्के प्रथिनांसाठी किमान एक उत्तम प्रतिपिंड उपलब्ध असल्याचे आढळले. ही आशादायक बाब होय. मात्र प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ प्रसिद्ध निबंधांत अशी प्रतिपिंडे वापरली गेली होती की जी त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. याचा अर्थ त्या निबंधांतील आकृत्यांमध्ये धूर होता, परंतु तो अन्य कशाचा तरी होता.

याआधी २०१५ साली ‘नेचर’मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी इतर ११० वैज्ञानिकांच्या पाठिंब्यासह प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणाची मागणी केली होती. २०१६ साली ‘नेचर मेथड्स’मध्ये परीक्षेचे पाच मार्गही सुचविण्यात आले. नियम अज्ञात नाहीत. ते पाळण्याची सक्ती अपुरी आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

६. असिद्ध हेतू : चित्राचे संपादन

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. ज्या हेतूचे अस्तित्वच सिद्ध नाही तो ‘असिद्ध’ हेतू. डोंगरावर धूर नसून धुके आहे, किंवा कोणी चित्रात धूर काढला आहे, अशी ही स्थिती होय.

छापील आकृती संपूर्ण पटल दाखवीत नाही. मधला एक अरुंद काप घेतला जातो. वरखाली आलेले अन्य पट्टे आणि रेणुभारदर्शक खुणा वगळल्या जातात. पानांची मर्यादा हे यामागील मूळ कारण समजण्यासारखे असले तरी या रूढीमुळे वाचकाचा तपासणीचा अधिकार संपुष्टात येतो. संगणकीय संपादन सुलभ झाल्यावर काप घेणे आणि फेरफार करणे यांतील सीमारेषा पुसट झाली. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत निबंधांतील चित्रांची तपासणी सुरू केली. बिक, कासादेवाल व फँग यांनी १९९५ ते २०१४ या काळातील ४० नियतकालिकांतील २०,६२१ निबंध तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह आकृत्या आढळल्या आणि त्यांपैकी किमान निम्म्यांमध्ये हेतुपुरस्सर फेरफाराची लक्षणे होती.

अल्झायमर रोगासंबंधी २००६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या संदर्भात उल्लेखनीय आहे. उंदरांच्या मेंदूतील ५६ किलोडाल्टनचा एक विशिष्ट प्रथिनसमूह स्मृतिभ्रंशास कारणीभूत ठरतो, असा त्यात दावा होता. त्याचा प्रमुख आधार वेस्टर्न ब्लॉट हाच होता. दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झालेल्या या निबंधाच्या आकृत्यांविषयी २०२२ साली जाहीर शंका उपस्थित झाल्या आणि २०२४ साली तो मागे घेण्यात आला. आकृत्यांत जोडकाम, पुनरावृत्ती आणि खोडण्याच्या साधनाचा वापर यांची चिन्हे असल्याचे मागे घेण्याच्या टिपणात नमूद आहे. अल्झायमरचे सर्व संशोधन या एका निबंधावर उभे नव्हते, हे खरे. परंतु अठरा वर्षे अनेक प्रयोगशाळांचे श्रम आणि निधी या वाटेवर खर्च झाले.

हा प्रश्न केवळ परदेशी नाही. पुण्यातील एका राष्ट्रीय संशोधन संस्थेतील गटाचा निबंध एका अमेरिकी नियतकालिकाने २००७ साली मागे घेतला. वेस्टर्न ब्लॉटच्या आकृत्या आधीच्या निबंधातून पुन्हा वापरल्या, असा त्यावर आक्षेप होता. एका तज्ज्ञ समितीने हा आक्षेप मान्य केला नाही. दुसऱ्या एका स्वतंत्र संस्थेने नेमका उलट निष्कर्ष काढला. येथे कोणाची बाजू घेणे हा लेखाचा विषय नाही. त्याच आकृत्यांवरून जाणकार मंडळी परस्परविरुद्ध निर्णयाप्रत येतात, यावरून कापलेल्या चित्राचे पुरावामूल्य किती तोकडे आहे हे मात्र स्पष्ट होते.

७. रोगनिदानातील अनुभव

वेस्टर्न ब्लॉटच्या पुराव्याचा सर्वांत तीव्र परिणाम एचआयव्हीच्या निदानात जाणवला. येथे रचना उलटी असते : पट्टीवरील विषाणूची प्रथिने ज्ञात असतात आणि व्यक्तीच्या रक्तातील प्रतिपिंडे अज्ञात असतात. अनेक वर्षे ही चाचणी निर्णायक मानली गेली. परंतु किती आणि कोणते पट्टे आले म्हणजे निदान ‘होकारार्थी’ मानावे, यावर एकमत नव्हते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या १९८९ च्या निकषांनुसार पी२४, जीपी४१ आणि जीपी१२०/१६० यांपैकी कोणतेही दोन पट्टे पुरेसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार विषाणूच्या बाह्य आवरणाचे दोन पट्टे आवश्यक होते. परिणामी केवळ पी२४ आणि जीपी१६० हे दोन पट्टे असलेली एकच पट्टी एका निकषाने ‘होकारार्थी’ आणि दुसऱ्याने ‘अनिर्णित’ ठरत असे. पट्टे तेच, रक्त तेच, मनुष्यही तोच. त्याचे भवितव्य मात्र वाचनाच्या नियमावर अवलंबून होते.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली शिफारशींतून वेस्टर्न ब्लॉट वगळला. नुकत्याच झालेल्या संसर्गाचे निदान त्यात उशिरा होते आणि एचआयव्ही-२ ची ओळख चुकू शकते, ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही या चाचणीऐवजी सोप्या चाचण्यांचा क्रम अवलंबण्याची शिफारस केली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वेगवेगळ्या तत्त्वांवर किंवा प्रतिजनांवर आधारलेल्या तीन चाचण्यांची पद्धत रूढ आहे. एकाच साक्षीदाराची साक्ष कितीही प्रभावी असली तरी तीन स्वतंत्र साक्षींची संगती अधिक विश्वसनीय ठरते, हे तत्त्व यामागे आहे. रोगनिदानाने स्वीकारलेले हे शहाणपण संशोधनपत्रिकांनी मात्र अद्याप पूर्णतः स्वीकारलेले नाही.

८. अध्यापनातील स्थिती आणि एक आक्षेप

पदव्युत्तर वर्गांत हे तंत्र बहुधा कृती म्हणून शिकविले जाते. कोणते द्रावण किती मिलिलिटर, किती व्होल्ट, किती मिनिटे, हे विद्यार्थी पाठ करतो. तयार संचातील प्रतिपिंड पट्टा देणारच अशा बेताने निवडलेले असते. पट्टा आला की प्रात्यक्षिक यशस्वी आणि न आला की अयशस्वी, असा संस्कार त्याच्या मनावर होतो. या पट्ट्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न मौखिक परीक्षेत क्वचितच विचारला जातो. वस्तुतः जेथे पट्टा येऊ नये तेथे तो आला नाही, हेही तितकेच मोठे यश आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, जनुक काढलेल्या पेशी मिळविणे हे ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आक्षेप रास्त आहे, परंतु तो पूर्ण उत्तर नव्हे. विपक्षाचे काही प्रकार अत्यल्प खर्चात साध्य होतात. पहिले प्रतिपिंड वगळून केवळ दुसरे प्रतिपिंड वापरलेली एक पट्टी ठेवता येते. ज्या ऊतीत ते प्रथिन नसते हे निश्चित ठाऊक आहे, त्या ऊतीचा एक नमुना शेजारी भरता येतो. एकाच नमुन्याची क्रमशः अर्धी-अर्धी मात्रा भरून पट्ट्याची जाडी त्या प्रमाणात घटते का हे पाहता येते. बीटा-अ‍ॅक्टिनवर विसंबण्याऐवजी पटलावरील एकूण प्रथिने पाँसो रंगाने रंगवून त्याचे छायाचित्र जपता येते. संपूर्ण पटलाचे न कापलेले चित्र प्रबंधाच्या परिशिष्टात जोडण्यास तर काहीच खर्च येत नाही. अनेक प्रमुख नियतकालिके आता अशा अखंड चित्रांची मागणी करतात. महाविद्यालयीन नियतकालिकांनी आणि शोधप्रबंधांच्या परीक्षकांनीही ती करावयास हरकत नसावी.

९. निष्कर्ष

(१) वेस्टर्न ब्लॉटमधील पट्टा हा प्रथिनाचे प्रत्यक्ष नसून त्याच्या अस्तित्वाच्या अनुमानाचा हेतू आहे.

(२) रेणुभार आणि पट्ट्याची जाडी यांवरून काढलेली अनुमाने सोपाधिक आहेत. त्या उपाधी पूर्ण झाल्या आहेत हे दाखविण्याची जबाबदारी संशोधकाची आहे.

(३) विपक्षाविना सादर केलेला पट्टा सव्यभिचाराच्या शंकेपासून मुक्त मानता येत नाही.

(४) कापलेले चित्र वाचकाचा परीक्षणाचा अधिकार काढून घेते. अखंड चित्र उपलब्ध करून देणे ही शिष्टाचाराची नव्हे तर पुराव्याची अट आहे.

(५) हे तंत्र शिकविताना कृतीइतकेच महत्त्व पुराव्याच्या चिकित्सेला दिले पाहिजे.

चार दशकांहून अधिक काळ हे तंत्र टिकून आहे, याचे श्रेय त्याच्या साधेपणाला आणि उपयुक्ततेला जाते. ते पुढेही टिकावे असे वाटत असेल, तर त्याच्याकडून त्याच्या शक्तीपलीकडील साक्ष मागणे थांबविले पाहिजे. धूर पाहून अग्नी आहे असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र जलाशयाकडे एकदा दृष्टी टाकल्यानंतरच तसे म्हणावे.